उन्हाळ्यातल्या टाचण्या : पाझर तलावाच्या पायथ्याशी काढलेल्या सकाळी, आणि छायाचित्रणाविषयी काही प्रश्न

पाणकाठ, अंबाजोगाई तालुका

नमस्कार. मे महिन्यात पाण्याकाठी कीटक पाहायला जातो असे सांगितले की आमच्या भागात पहिला प्रश्न येतो, "पाणी राहिलंय कुठं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधतानाच मला टाचण्या, म्हणजे चतुरांसारखे पण बारीक कीटक, सापडल्या.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला १९७२ च्या दुष्काळात लोकांनी टोपल्या-टोपल्यांनी माती वाहून उभा केलेला पाझर तलाव आहे. उन्हाळ्यात त्याच्या पोटात तडे गेलेला गाळ आणि मधोमध गुडघाभर गढूळ पाणी एवढेच उरते. तिथे जनावरे उतरतात, त्यामुळे काठावर एक काडीही उभी राहत नाही. मात्र पाळीच्या खालच्या बाजूला, जिथे मुरलेले पाणी जमिनीतून वर येते, तिथे चार-पाच बाजा मावतील एवढी जागा वैशाखातही ओली असते. लव्हाळा, थोडे पाणकणीस, कडेला बेशरमाची झुडपे आणि मधे शेवाळ धरलेले टीचभर पाणी. मी पहिले दोन उन्हाळे वर तलावाकाठी उभे राहून दुर्बिणीतून पाणपक्षी पाहण्यात घालवले आणि या जागेवरून रोज चालत गेलो, हे आता आठवले की स्वतःचेच हसू येते.

नवीन वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. लहानपणी आपण ज्यांना सरसकट हेलिकॉप्टर म्हणत होतो, त्यांत चतुर आणि टाचण्या असे दोन वेगळे गट आहेत. चतुर अंगाने दणकट असतो, बसताना चारही पंख आडवे पसरून बसतो आणि त्याचे डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना भिडलेले असतात. टाचणी नावाप्रमाणेच बारीक असते, बहुतेक जाती पंख मिटून पाठीवर ठेवतात आणि डोळे डोक्याच्या दोन टोकांना असल्यामुळे तिचे तोंड समोरून हातोड्यासारखे दिसते. दोघांच्या गणाला 'ओडोनाटा' हे नाव डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १७९३ साली दिले. त्याचा रोख त्यांच्या दातेरी जबड्यांकडे होता.

माझ्या या ओल्या तुकड्यात आजवर तीन जाती मी खात्रीने ओळखू शकलो आहे. पहिली सेरियाग्रिऑन कोरोमँडेलियानम. नराची शेपटी हळदीसारखी पिवळी, छाती हिरवट. हिचे वर्णनही फॅब्रिशियसनेच १७९८ मध्ये केले, आणि नावात कोरोमंडल किनारा असला तरी आमच्या माळरानाच्या पायथ्यालाही ती सुखाने नांदते. दुसरी इश्नुरा सेनेगलेन्सिस. नराची शेपटी वरून काळी आणि टोकाजवळ निळा ठिपका. तिसरी अ‍ॅग्रिऑक्नेमिस पिग्मिया. ही जेमतेम २ सेंटिमीटर लांबीची असते आणि लव्हाळ्यात इतकी खाली उडते की गवत हलले म्हणून पाहावे तेव्हा ती दिसते.

परवा साडेआठच्या सुमारास पिवळ्या टाचणीची एक जोडी माझ्यापासून हातभर अंतरावर उतरली. मादीने पाण्यातल्या लव्हाळ्याच्या काडीला पायांनी घट्ट धरले आणि शेपूट कमानीसारखे वाकवून काडीच्या पाण्याखालच्या भागाला टोचायला सुरुवात केली. नराने मात्र काडीला पायसुद्धा लावला नव्हता. शेपटीच्या टोकाच्या चिमट्याने मादीच्या मानेमागचा भाग पकडून तो तिच्यावर दिवसा पेटवलेल्या मेणबत्तीसारखा सरळ उभा होता, पाय छातीशी आवळलेले, पंख मिटलेले. मादी काडीवरून एक-एक पाऊल मागे सरकत पाण्यात जाऊ लागली. तिचे अर्धे अंग बुडाले तरी हा तसाच. वाऱ्याची झुळूक आली की तो लवायचा आणि पुन्हा ताठ व्हायचा. हे मी घड्याळ लावून अकरा मिनिटे पाहिले आणि त्या नादात फक्त चार छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एकाही चित्रात दोघेही स्पष्ट आलेले नाहीत.

माझे प्रश्न दोन आहेत. एक, माझ्या चित्रांत डोळा स्पष्ट आला की शेपूट पुसट होते आणि शेपूट धरले की डोळा जातो. याला उपाय काय? दोन, इश्नुराच्या नरांबरोबर मला कधी नारिंगी, कधी हिरवट आणि कधी थेट नरासारख्याच दिसणाऱ्या माद्या दिसतात. या तीन जाती आहेत की एकच?

सूक्ष्मनजर, छत्रपती संभाजीनगर

पाणकाठ सर, चार चित्रे घेऊन अकरा मिनिटे पाहत बसलात, हे वाचून आनंद झाला. आमच्यासारख्यांकडून नेमके याच्या उलट होते. मी सलीम अली सरोवराच्या परिसरात आणि शहराबाहेरच्या नाल्यांवर टाचण्यांची छायाचित्रे काढतो, त्या अनुभवावरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो.

अडचण आपल्या हाताची नाही, भूमितीची आहे. मॅक्रो लेन्सने (अगदी जवळून टिपणाऱ्या भिंगाने) एकास एक प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर कीटकाची प्रतिमा खऱ्या आकाराएवढी येईल असे, चित्र घेताना एफ ८ ठेवले (एफचा आकडा जितका मोठा तितके लेन्सचे छिद्र बारीक) तरी स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी साधारण एक मिलिमीटर, किंबहुना छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात त्याहूनही कमी असते. टाचणी आहे तीन-चार सेंटिमीटर लांब. ती जराही तिरकी असली तरी तिचे एक टोक त्या पट्ट्याबाहेर जाणारच. एफ १६ किंवा २२ पर्यंत जाण्याचा मोह होतो, पण इतक्या जवळून छिद्र फार बारीक केले की प्रकाशाच्या विवर्तनामुळे (बारीक छिद्रातून जाताना तो पसरल्यामुळे) सगळेच चित्र थोडे मऊ पडते, शिवाय एकास एक प्रमाणात लेन्समधून येणारा प्रकाश मुळातच दोन स्टॉपने कमी, म्हणजे एक चतुर्थांश झालेला असतो. म्हणून मी एफ ८ ते ११ याच्या पुढे सहसा जात नाही आणि त्याऐवजी स्वतःला हलवतो. कॅमेऱ्याचा सेन्सर टाचणीच्या शरीराला अगदी समांतर येईल असे बसायचे. भिंतीला पाटी टेकवताना जसे दोन्ही टोकांकडे पाहतो, तसे डोके आणि शेपटीचे टोक आळीपाळीने पाहत कॅमेरा फिरवायचा. संपूर्ण शरीर हवे असेल तर एकास एकचा हट्टही सोडावा आणि एकास दोन इतके मागे यावे. स्पष्टतेचा पट्टा त्याने चांगला तिपटीने वाढतो.

जोडीच्या चित्रात नर उभा आणि मादी वाकलेली, म्हणजे दोन्ही शरीरे इंग्रजी एल अक्षरासारखी असतात, पण ती एकाच उभ्या प्रतलात असतात. त्या प्रतलाच्या अचूक बाजूला बसलात तर दोघेही मिळतील. त्यासाठी बहुधा पोटावर झोपावे लागते. जुनी सतरंजी सोबत ठेवावी. मी खताचे रिकामे पोते फाडून वापरतो, चिखल लागला तर झटकून टाकता येतो.

आणखी एक गोष्ट अनुभवाने कळली. आपण जवळ गेलो की टाचणी लगेच उडत नाही, ती काडीआड सरकते. तिचे शरीर काडीमागे पूर्ण लपते आणि काडीच्या दोन्ही बाजूंनी फक्त दोन डोळे बाहेर दिसत राहतात. तेवढेच चित्रही फार सुंदर येते. तिला पुन्हा बाजूला आणायचे असेल तर काडीच्या पलीकडच्या बाजूला आपला दुसरा हात सावकाश न्यावा, म्हणजे ती हातापासून लपण्यासाठी आपल्याकडे फिरते. हात झटक्याने नेला तर मात्र खेळ संपला.

वेळेबद्दल सांगायचे तर मे महिन्यात सूर्योदय सहाच्या आतबाहेर होतो, आणि त्यानंतरचे दोन तास सोन्यासारखे आहेत. वारा पडलेला असतो, टाचण्यांचे अंग अजून तापलेले नसते आणि प्रकाश तिरपा असतो. पंखांवर दवाचे मोती असलेली चित्रे पाहून कोणी उन्हाळ्यात तशी अपेक्षा ठेवू नये. आपल्याकडच्या कोरड्या हवेत मे महिन्यात दव पडत नाही, ती चित्रे दिवाळीनंतरची असतात. दहानंतर उजेड इतका कडक होतो की पिवळ्या शेपटीवर पांढरे चट्टे उठतात. तेव्हा फ्लॅशवर बटर पेपरचा मोठा पडदा लावावा, नाहीतर घरी जावे. मी घरी जातो.

रानजाई, नांदेड

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. तिन्ही माद्या एकाच जातीच्या असू शकतात, आणि तुमच्या वर्णनावरून त्या तशाच दिसतात. इश्नुरा सेनेगलेन्सिसच्या माद्यांमध्ये दोन प्रकार आढळतात. एक प्रकार जन्मभर नरासारखे रंग मिरवतो. दुसरा प्रकार कोवळ्या वयात ठळक नारिंगी असतो आणि प्रौढ झाल्यावर हिरवट-तपकिरी होतो. म्हणजे नारिंगी आणि हिरवट हा वयाचा फरक आहे, तर नरासारखे दिसणे हा प्रकाराचा. तुमच्या यादीतल्या अ‍ॅग्रिऑक्नेमिसच्या माद्याही कोवळेपणी लालसर आणि नंतर हिरव्या असतात, त्यामुळे लव्हाळ्यात लहानशी लाल टाचणी दिसली की नवी जात सापडल्याचा आनंद घाईने करू नये. मी एकदा केला होता आणि तो ज्येष्ठ मित्रांच्या गटात जाहीरही केला होता.

नरासारखी मादी कशासाठी, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की पाण्याकाठी नरांची गर्दी असते आणि प्रत्येक मादीमागे लागणारे नर तिला अंडी घालू देत नाहीत. नरासारखी दिसणारी मादी या त्रासातून काही अंशी सुटते. याला जोडूनच तुमच्या अकरा मिनिटांच्या निरीक्षणाचा अर्थ लागतो. टाचण्यांत मीलनाच्या वेळी नर मादीत आधीच साठलेले दुसऱ्या नराचे शुक्राणू बाहेर काढू शकतो. १९७९ साली अमेरिकेतील एका जातीवरच्या अभ्यासात हे प्रथम दाखवले गेले. त्यामुळे मादी अंडी घालेपर्यंत तिला दुसऱ्या नराच्या हाती न लागू देण्यातच पहिल्या नराचा फायदा असतो. तुमचा पिवळा नर मेणबत्तीसारखा उभा होता तो यासाठी. इश्नुराचा मार्ग वेगळा आहे. त्यांचे मीलन सकाळी सुरू होऊन कित्येक तास चालते, आणि नंतर मादी एकटीच अंडी घालायला जाते. तेव्हा इश्नुराची मादी एकटी दिसली तर नर सोडून गेला असे समजून हळहळू नका.

ओळख पक्की करण्यासाठी एक विनंती. सुंदर चित्राबरोबर दोन साधी चित्रे जरूर घ्यावीत, एक बाजूने छातीवरचे पट्टे दिसतील असे आणि एक वरून शेपटीचे खंड मोजता येतील असे. टाचणीच्या उदराला दहा खंड असतात; मोजताना टोकाकडून उलटे मोजले तर चूक होत नाही, कारण पुढचे पहिले दोन आखूड असल्याने निसटतात. निळा ठिपका आठव्या खंडावर आहे की नवव्या, एवढ्यावर जात बदलते.

गाळपेर, पैठण तालुका

मी शेतकरी आहे, छायाचित्रण मोबाइलवरच करतो. नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी जलाशयाचे, पाणी उतरले की उघड्या पडलेल्या जमिनीत आम्ही गाळपेर करतो, त्यामुळे उन्हाळ्यातला काठ रोज पायाखाली असतो. जायकवाडीचे धरण १९७६ साली पूर्ण झाले आणि १९८६ साली जलाशयाला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला, हे सर्वांना ठाऊक आहे. पण एवढा मोठा जलाशय असूनही मोकळ्या काठावर टाचण्या फारशा दिसत नाहीत, हे मला पाणकाठ सरांचे लिखाण वाचल्यावर ध्यानात आले. जलाशय उथळ असल्याने पाणी आठवड्या-आठवड्याला दूर सरकते, काठाला झाडोरा धरतच नाही आणि दुपारनंतर वाऱ्याने लाटा उठतात. माझ्याकडे त्या दिसतात त्या मोटारीच्या पाइपला गळती आहे तिथल्या चरात. तिथे लव्हाळा उगवला आहे आणि पिवळ्या टाचण्या भरपूर आहेत. गळती दुरुस्त करायची आहे, आता थोडा संकोच वाटू लागला आहे, हा विनोदाचा भाग.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो. उतरत्या पाण्याच्या काठाला वरून वाळलेला पापुद्रा असतो आणि खाली मांडीभर गाळ. मागच्या वर्षी एक पाहुणे बगळ्याच्या मागे गेले आणि कमरेपर्यंत रुतले. दोर टाकून आणि खाली बाज सरकवून काढावे लागले. कॅमेरा वाचला, चपला अजून तिथेच आहेत. ज्या जमिनीवर जनावरांच्या खुरांचे ताजे ठसे नाहीत, तिथे पाऊल टाकू नये. अभयारण्याच्या हद्दीत आणि धरणाच्या भिंतीजवळ कॅमेरा काढण्यापूर्वी तिथले नियमही विचारून घ्यावेत.

आता माझा प्रश्न. टाचण्या आहेत म्हणजे पाणी स्वच्छ आहे, असे एका व्याख्यानात ऐकले होते. आमच्या चरातले पाणी मी तरी पिणार नाही.

रानजाई, नांदेड

पिऊ नका, दादा. ते विधान अर्धेच खरे आहे. वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यांशिवाय न राहणाऱ्या काही जाती आहेत आणि त्या नाहीशा झाल्या तर ओढ्याचे काहीतरी बिघडले असे म्हणता येते. परंतु या धाग्यात आलेली इश्नुरा आणि पिवळी सेरियाग्रिऑन या सांडपाण्याच्या डबक्यातही तग धरतात. टाचणीची पिल्ले पाण्यात वाढतात आणि त्यांच्या शेपटीच्या टोकाला पानासारखे तीन कल्ले असतात. पाण्यातला प्राणवायू किती कमी झाला तरी चालतो, हे जातीजातीनुसार ठरते. म्हणून टाचणी आहे की नाही यापेक्षा कोणत्या टाचण्या आहेत आणि किती जाती आहेत, हे पाहावे. तुमच्या चरातली पिल्ले डासांच्या अळ्या खातात, एवढे समाधान मात्र तुम्ही निश्चित मानू शकता.

पाणकाठ, अंबाजोगाई तालुका

सर्वांचे मनापासून आभार. समांतर बसण्याचा सल्ला सतरंजीसह अमलात आणला आणि जोडीचे एक चित्र जमले. ते सोबत जोडले आहे.

दरम्यान एक गोष्ट घडली. मागच्या सोमवारी तलावातला गाळ काढायला यंत्र आले. गाळ काढायला माझा काडीमात्र विरोध नाही. तोच गाळ आमच्या मुरमाड रानात पडला तर दोन पिके सुधारतात, आणि पहिल्या पावसाचे पाणी तलावात थांबले तर फेब्रुवारीतला एक टँकर वाचतो. तक्रार एवढीच की यंत्राला वळायला जागा हवी म्हणून पाळीखालचा ओला तुकडाही साफ करण्यात आला, ज्याची गाळाशी काही गाठच नव्हती. मी पोहोचलो तेव्हा लव्हाळ्याचा ढीग कडेला वाळत पडला होता आणि त्यातल्या काड्यांत, जी अकरा मिनिटे मी पाहिली त्या जोडीची अंडी असणार. चालक मुलगा भला होता. त्याला काडीतली अंडी समजावून सांगितल्यावर तो आधी हसला, मग म्हणाला, "काका, आधी सांगायचं ना, मी तिकडून वळलो असतो." खरे आहे, आधी सांगायला हवे होते. उरलेला दोन बाजांएवढा कोपरा त्याने चार दगड मांडून राखला.

त्याच कोपऱ्यात काल सकाळी सातला पाणकणसाच्या एका पातीवर टाचणीचे पिल्लू पाण्यातून वर चढलेले दिसले. मातकट रंग, तांदळाच्या दाण्याहून थोडे लांब, शेपटीचे तीन कल्ले पातीला चिकटलेले. आधी पाठीवर मानेमागे एक फट पडली, तिच्यातून छाती फुगत वर आली, मग डोके आणि पाय सुटले. ती काही वेळ नुसतीच थांबली. नंतर तिने स्वतःच्याच रिकाम्या कातीला धरून उरलेली शेपटी बाहेर ओढली. पंख सुरुवातीला चुरगाळलेल्या ओल्या कागदासारखे होते, ते पाहता पाहता सपाट होत गेले. पूर्ण तयार झाली तेव्हाही रंग कुठलाच नव्हता. अंग फिक्या ताकासारखे आणि पंखांवर अभ्रकाची चकाकी. कोणती जात ते मला सांगता येत नाही. चित्रे जोडली आहेत, ताईंनी पाहावीत.

उक्कडगाव, बीड

पाणकाठ काका, तुमच्या तिसऱ्या चित्रातल्या नराच्या छातीखाली लाल मण्यांसारखे काहीतरी चिकटले आहे. ती अंडी आहेत का?

रानजाई, नांदेड

अंडी नव्हेत. ते पाण्यातल्या कोळीवर्गीय परजीवींची पिल्ले आहेत. टाचणीचे पिल्लू पाण्यात असतानाच ती त्याच्या अंगावर येऊन बसतात, कात टाकताना नव्या शरीरावर सरकतात, तिचा रस शोषून वाढतात आणि ती पाण्याकाठी परतली की गळून पडतात. त्यामुळे असे मणी असलेली टाचणी कुठल्या तरी पाण्यातूनच बाहेर पडलेली आहे, एवढे नक्की कळते. त्यांना काडीने काढायला जाऊ नये, टाचणीची कातडी फाटते.

पाणकाठ सर, कात टाकतानाच्या चित्रावरून जात सांगणे कठीण आहे. रंग भरायला तिला दोन-तीन दिवस तरी लागतील. सोडलेली कात मात्र पातीवरून अलगद उचलून काडेपेटीत ठेवा. कल्ल्यांच्या आकारावरून निदान कुळ तरी कळेल.

सूक्ष्मनजर, छत्रपती संभाजीनगर

सर, हरकत नसेल तर मी येत्या शनिवारी मुक्कामाला अंबाजोगाईला येतो आणि रविवारी पहाटे आपल्याबरोबर त्या कोपऱ्यावर बसतो. पावसाळी ढग जमू लागले आहेत. पहिला जोरदार पाऊस झाला की पाळीखाली सगळीकडेच पाणी होईल आणि टाचण्या पांगतील.

पाणकाठ, अंबाजोगाई तालुका

अवश्य यावे, मुक्काम आमच्याकडेच करावा. पावणेसहाला सांडव्याजवळ थांबतो. पाणी घरून भरून घेऊ, कारण वर हापसा आहे पण तो सध्या कोरडा आहे. कात काडेपेटीत ठेवली आहे. खताचे पोते एक जास्तीचे आणावे.